बूमखालचा तिरपा दांडा

उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सकाळी बहुधा पाणी शांत असतं. दिवस चढतो तशी आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि बाहेरच्या थंड प्रशांत महासागरावरची जड हवा गोल्डन गेटच्या चिंचोळ्या वाटेने आत घुसते. दुपारी २० ते २५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ४० किलोमीटरचा वारा तिथे कुणाला नवलाचा वाटत नाही. अशा वाऱ्यात एखादी ३० फुटी बोट गोल्डन गेटकडून बर्कलीच्या दिशेने, वारा पाठीवर घेऊन निघाली, की तिच्या मोठ्या शिडाकडे बघावं. मेनशीट, म्हणजे बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) आत-बाहेर करणारी दोरी, सैल सोडली की बूम बाहेर जातो आणि जाता जाता त्याचं मागचं टोक वर उचललं जातं. टोक उचललं की शिडाची मागची कड ढिली पडते. खालचा भाग वाऱ्याने भरलेला राहतो, वरचा मात्र पिळवटून पुढे वळतो. वरचा भाग डोलकाठीच्याही पुढे गेला, तर तिथला वारा बोटीला उलट्या बाजूला ढकलतो. मग बोट लयीत डावी-उजवीकडे डुलू लागते आणि सुकाणू धरणाऱ्याची दमछाक होते.

हे बूमचं वर उचललं जाणं थांबवतो तो व्हँग. डोलकाठीच्या बुंध्यापासून बूमच्या खालच्या बाजूपर्यंत तिरपा जाणारा हा भाग लांबून किरकोळ दिसतो, पण शिडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याचा आकार बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतो. आणि पाण्याजवळ वारा घासून मंदावतो, तर वर तो अधिक जोराचा असतो; म्हणून वरचा तो हिस्सा वाया घालवणं परवडत नाही.

वाऱ्याच्या तोंडाकडे तिरपं जाताना व्हँगची उणीव फारशी जाणवत नाही. त्या वेळी बूम बोटीच्या मधोमध असतो, मेनशीट त्याच्या जवळजवळ सरळ खाली असते आणि तीच त्याला खाली खेचते. बूम बाहेर गेला की मेनशीटची दिशा बदलते. ती आता बूमला आत ओढू शकते, खाली नाही. इथून पुढचं काम व्हँगचं.

मुंबई बंदरात जे लहान डिंगीवर शिडं हाकायला शिकले, त्यांना हीच वस्तू ‘किकर’ या नावाने ठाऊक असते. मुलांच्या ऑप्टिमिस्टवरसुद्धा ती असते: एक दोरी, फार तर दोन-चार कप्प्या. आपल्या कोकणातल्या पारंपरिक शिडाच्या होड्यांना मात्र तिची गरजच पडली नाही. तिथे त्रिकोणी शीड वरच्या लांब, तिरप्या काठीला बांधलेलं असतं आणि खालची कड मोकळी असते. बूमच नाही, तर तो उचलला जाण्याचा प्रश्नही नाही.

दोरीच्या व्हँगची मर्यादा अगदी साधी आहे. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. शीड उतरवताना हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सोडला की बूमला वरून धरणारं काही उरत नाही. ॲल्युमिनियमचा तो जड दांडा, वर पडलेल्या शिडासकट, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर कोसळू नये म्हणून डोलकाठीच्या माथ्यापासून बूमच्या टोकापर्यंत आणखी एक दोरी लागते, तिला टॉपिंग लिफ्ट म्हणतात. शीड वर चढवल्यावर ती सैल करायची, उतरवण्याआधी ताणायची. सैल करायची राहिली तर शिडाचा आकार बिघडतो. ताणायची राहिली तर कुणाच्या तरी डोक्याला खोक पडते. आणि सैल केलेली टॉपिंग लिफ्ट दिवसभर शिडाच्या मागच्या कडेवर घासत राहते. तिथली शिवण सगळ्यात आधी उसवते, त्याचं एक कारण हेच.

दांड्याचा व्हँग ही दोन्ही कामं एकटा करतो. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत स्प्रिंग आणि बाहेरून कप्प्यांची दोरी, अशी त्याची रचना. दोरी खेचली की नळ्या एकमेकींत शिरतात आणि बूम खाली येतो. दोरी सोडली की स्प्रिंग नळ्यांना बाहेर ढकलते आणि बूम वर जातो. भिंतीवरच्या फळीला खालून जसा तिरपा आधार देतात तसाच हा आधार, फरक इतकाच की याची लांबी हवी तेव्हा बदलता येते. स्प्रिंगचे प्रकार आहेत. स्वीडनच्या सेल्डेन कंपनीच्या रॉडकिकरमध्ये दाबलेल्या गॅसची स्प्रिंग असते. अनेक अमेरिकन व्हँगमध्ये पोलादी तारेची वेटोळी स्प्रिंग असते. बूमकिकर नावाच्या साधनात तर नळ्याच नाहीत. त्यात फायबरग्लासच्या लवचिक काठ्या वाकून बूमला वर रेटतात आणि खाली ओढायला जुनी दोरीच वापरायची असते. खर्च कमी ठेवायचा असेल आणि बोट लहान असेल, तर मला हा शेवटचा पर्याय प्रामाणिक वाटतो. मोठ्या वाऱ्यात बोट हाकणाऱ्याने मात्र नळीचाच घ्यावा.

उदाहरणासाठी कॅटलिना ३० ही बोट घेऊ. फ्रँक बटलर यांच्या कॅटलिना यॉट्सने कॅलिफोर्नियात गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात ती बांधायला घेतली आणि सहा हजारांहून अधिक बोटी पाण्यात उतरल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांमध्ये ती सर्रास दिसते. जुन्या बोटींवर दोरीचा व्हँग आणि टॉपिंग लिफ्ट अशी जोडी असते आणि मालक हौसेने तिथे दांड्याचा व्हँग बसवतात. बाजारातून संच आणणं सोपं. बसवण्यात खरं डोकं लागतं ते मोजमापात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे धरतो. प्रत्येकाने आपल्या बोटीचे घ्यावेत. बूम ३.६ मीटर लांब. बूम ज्या बिजागरीने डोलकाठीला जोडलेला असतो ते गूझनेक. व्हँगचं खालचं टोक गूझनेकच्या ९० सेंटीमीटर खाली डोलकाठीवर. वरचं टोक गूझनेकपासून ११० सेंटीमीटर मागे बूमवर. काटकोन त्रिकोण झाला. व्हँगची लांबी साधारण १४२ सेंटीमीटर आणि गूझनेकपासून व्हँगच्या रेषेचं लंब अंतर सुमारे ७० सेंटीमीटर. हे ७० सेंटीमीटर लक्षात ठेवावं, कारण व्हँगला मिळणारी तरफ एवढीच आहे.

आता बूम आणि त्यावर घडी घातलेलं शीड मिळून ३५ किलो भरले असं समजू. त्यांचा भार बूमच्या मध्यावर, १.८ मीटरवर. तो पेलायला व्हँगच्या स्प्रिंगला सुमारे ९० किलोचा जोर द्यावा लागतो. त्यात कुणी बोटीत उभं राहताना सवयीने बूमच्या टोकावर २५ किलोचा भार टाकला, तर आणखी जवळजवळ १३० किलोची भर पडते. म्हणूनच दांड्याच्या व्हँगवरचा बूम हाताने दाबला की थोडा खाली जातो. त्यात बिघाड काही नाही. उलट दिशेचा हिशेब अधिक डोळे उघडणारा आहे. जोरदार वाऱ्यात शिडाची मागची कड बूमचं टोक ८० किलोच्या जोराने वर ओढत असेल, तर ते रोखायला व्हँगमध्ये ४१० किलोच्या आसपास ताण येतो. त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा बूमला पुढे, डोलकाठीच्या दिशेने रेटतो. म्हणजे गूझनेकवर तीनशेहून अधिक किलोचा दाब. जुन्या बोटीवर नवा व्हँग बसवण्याआधी गूझनेकची पिन आणि कानाडं (पिन धरणारी धातूची पट्टी) नीट तपासावं, असं मी आवर्जून सांगतो, ते यासाठी.

आता खालचं टोक डोलकाठीवर ९०ऐवजी ६० सेंटीमीटरवरच बसवलं असं समजू, कारण तिथे आधीच एखादी कप्पी किंवा विंच (दोरी ताणायची फिरकी) आडवी येते. तरफ ७० वरून ५३ सेंटीमीटरवर येते आणि तोच ८० किलोचा ओढा रोखायला व्हँगमध्ये साडेपाचशे किलोचा ताण लागतो. वरचं टोक बूमवर मागे सरकवून ही कसर भरून निघेल असं वाटतं, पण तसं होत नाही. मूळ मापात वरचं टोक ११० वरून १३० वर नेलं तर तरफ ७० ची जेमतेम ७४ होते. खालचं टोक तितकंच, २० सेंटीमीटर, खाली नेलं तर ती ७८ होते. म्हणून डोलकाठीवरची जागा शक्य तितकी खाली शोधायची. व्हँग बूमशी ४० ते ४५ अंशांचा कोन करत असेल तर उत्तम. ३० अंशांच्या खाली तो गेला, तर तो बूमला खाली ओढण्यापेक्षा गूझनेकवर रेटण्यातच जोर घालवतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या मुद्द्याकडे. बूम बाहेर फिरतो तो गूझनेकच्या उभ्या पिनेभोवती. व्हँगचं खालचं टोकही एका उभ्या पिनेभोवती फिरतं. या दोन पिना एकाच उभ्या रेषेत, एकीच्या बरोबर खाली दुसरी, अशा असाव्या लागतात. असतील, तर बूम मधोमध असो की पूर्ण बाहेर, व्हँगची लांबी तीच राहते. पण खालचं कानाडं लांब असेल आणि त्याची पिन गूझनेकच्या पिनेपेक्षा १० सेंटीमीटर मागे पडत असेल, तर मधोमध असताना व्हँग सुमारे १३४ सेंटीमीटर असतो आणि बूम काटकोनात बाहेर गेला की त्याला १४२ सेंटीमीटर व्हावं लागतं. ते आठ सेंटीमीटर येणार कुठून? दोरी बांधलेली असते, त्यामुळे बूम खाली खेचला जातो. शीड बाहेर सोडताच त्याची मागची कड आवळते, आणि हे कुणीही न सांगता घडतं. पिन पुढे असेल तर उलटं. बूम बाहेर जाताच व्हँग आपोआप सैल पडतो आणि ज्या घडीला त्याची गरज असते त्याच घडीला तो कामाचा राहत नाही. अनुभवी माणूसही व्हँगला दोषी धरतो, संच बदलतो, आणि दोष दोन पिनांतल्या अंतरात असतो. गूझनेकच्या पिनेपासून ओळंबा सोडून ही रेषा डोलकाठीवर उतरवून घ्यावी. मात्र बोट धक्क्याला थोडीही कललेली असेल, किंवा डोलकाठी मागे झुकवलेली असेल, तर ओळंबा फसवतो. अशा वेळी डोलकाठीलाच समांतर सरळ पट्टी धरून मोजावं.

नळीची लांबी ठरवायला वारा नसलेली सकाळ निवडावी. बूम आधी टॉपिंग लिफ्टवर किंवा मोकळ्या हॅलयार्डवर पक्का टांगावा. मोठं शीड पूर्ण चढवून तो आधार सैल करावा आणि मेनशीट जितकी खेचता येईल तितकी खेचावी. बूमची ही सर्वात खालची जागा, आणि या वेळी दोन कानाड्यांतलं अंतर म्हणजे व्हँगची सर्वात आखूड लांबी. नंतर मेनशीट सोडून बूमचं टोक जितकं वर लागेल तितकं उचलावं: रीफ घेताना, म्हणजे शीड आखूड करताना, मागची कड ढिली पडेल इतकं, आणि कॉकपिटवरच्या छताला बूम लागणार नाही इतकं. ही सर्वात लांब जागा. आपल्या मापात बूम ५ अंश वर किंवा खाली गेला की त्याचं टोक ३१ सेंटीमीटर हलतं, पण व्हँगच्या लांबीत फरक पडतो फक्त ६ सेंटीमीटरचा. म्हणजे वर-खाली मिळून दहा अंशांच्या फेऱ्याला व्हँगचा प्रवास १२ सेंटीमीटर. इतक्या लहान प्रवासात कापताना दोन सेंटीमीटरची चूक झाली, तर बूमच्या टोकाला ती १० सेंटीमीटर होऊन दिसते.

दोन्ही टोकांना प्रवासात दोन-तीन सेंटीमीटर मोकळे राहिले पाहिजेत. खालच्या बाजूचे तर अत्यावश्यक. बूम पूर्ण खाली येण्याआधीच नळ्या एकमेकींत टेकल्या, तर मेनशीटचा सगळा जोर नळीवर आणि तिथून बूमच्या मध्यावर जातो. विंचवर दोरी फिरवणाऱ्याला हे जाणवतही नाही. दांडा वाकतो, नाही तर कानाडं उपटून येतं. संचासोबत नळी मुद्दाम लांब येते आणि ती कापायची असते. कोणती नळी, कोणत्या टोकाने कापायची, हे त्या त्या कंपनीच्या कागदावर असतं आणि तो कागद इथे निमूटपणे पाळावा. गॅसची स्प्रिंग हा बंद, दाब भरलेला भाग आहे. ती कापायची नाही, तिला भोक पाडायचं नाही, तापवायची नाही. कापलेली कड कानसून गुळगुळीत करावी, नाही तर तिची बारीक धार आतल्या प्लॅस्टिकच्या बुशांना चरत जाते.

मग येतं ड्रिल. डोलकाठी पोकळ ॲल्युमिनियमची असते आणि तिच्या पोटातून हॅलयार्ड, दिव्यांच्या वायरी, व्हीएचएफ रेडिओची केबल अशा गोष्टी जात असतात. ड्रिलच्या पात्यावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे कुठे थांबायचं ते दिसतं. आधी सेंटर पंचने खूण ठोकावी, मग बारीक भोक, मग पूर्ण मापाचं. सहा मिलीमीटरच्या स्क्रूसाठी पाच मिलीमीटरचं भोक पाडून टॅपने आटे पाडतात. पण डोलकाठीची जाडी तीन मिलीमीटर असेल तर त्यात जेमतेम तीन आटे बसतात. एवढ्यावर चारशे किलोचा ओढा सोपवणं मला पटत नाही. अशा वेळी मोनेल धातूचे दणकट रिव्हेट जास्त भरवशाचे. भोकं एका आडव्या रेषेत डोलकाठीला वळसा घालून पाडू नयेत. ती खाली-वर विखुरलेली असावीत, म्हणजे काठी एका पट्ट्यात कमजोर होत नाही.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात सूक्ष्म वीजप्रवाह चालू होतो आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. दोन-तीन मोसमांत स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते आणि स्क्रू आत असा काही धरतो की तो निघत नाही, तुटतो. म्हणून प्रत्येक स्क्रूला ड्युरालॅक किंवा टेफ-जेलसारखा लेप भरपूर लावावा आणि कानाड्याखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालावी. हा पाच मिनिटांचा खटाटोप वगळलेला दिसला, की मला बाकी सगळ्या कामाविषयी शंका येते.

बूमवरच्या कानाड्याचं आणखी एक बघावं लागतं. व्हँग बूमला एक मीटरवर खाली ओढतो, गूझनेक आणि शिडाची मागची कड त्याला दोन टोकांशी वर धरतात. मग बूम मधे खाली वाकतो आणि सर्वाधिक ताण बसतो तो त्याच्या खालच्या पृष्ठावर, म्हणजे जिथे भोकं पाडायची असतात तिथेच. व्हँगच्या जागेवर बूम मोडल्याच्या घटना घडतात, त्या याच कारणाने. बूमच्या तळाला खोबण असेल तर तिच्यात सरकवून बसवायचं कानाडं घ्यावं. भोकं वाचतात आणि जागा पुढेमागे करून बघताही येते. खोबण नसेल तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना कवेत घेणारं कानाडं बरं. आणि स्क्रू आखूड ठेवावेत. बूमच्या पोटात रीफच्या आणि शिडाचा तळ ताणायच्या दोऱ्या धावतात, आत डोकावणारं एक टोक त्या कापून टाकतं.

खालचं-वरचं टोक बसलं, पिना घातल्या, स्प्लिट पिनांची टोकं वाकवून त्यावर पट्टी गुंडाळली की खरी जुळवाजुळव सुरू होते. शीड उतरवून बूमवर घडी घालावी आणि टॉपिंग लिफ्ट हळूहळू सैल करावी. बूम आडवा किंवा टोकाकडे किंचित वर राहिला तर स्प्रिंग बरोबर आहे. तो खाली झुकला तर जोर कमी पडतोय. वेटोळ्या स्प्रिंगच्या काही व्हँगमध्ये नळीवर ओळीने भोकं असतात. पिन एका भोकाने पुढे सरकवली की स्प्रिंग आधीपासूनच जास्त दाबलेली राहते. गॅसच्या स्प्रिंगमध्ये अशी सोय बहुधा नसते, तिथे अधिक जोराची स्प्रिंग मागवावी लागते किंवा बूमवरचं टोक थोडं मागे न्यावं लागतं. जोर जास्त झाला तरी त्रासच. मग वाऱ्यात व्हँग आवळताना शिडाबरोबर स्प्रिंगशीही झुंजावं लागतं. वेटोळी स्प्रिंग दाबत जावी तशी अधिक कडक होते. गॅसची जवळजवळ सारखाच जोर देते, त्यामुळे हाताला ती अधिक नरम लागते.

खाली ओढणाऱ्या दोरीला कप्प्या किती हव्यात, याचं उत्तर वरच्या आकड्यातच आहे. ४१० किलोचा ताण आठपट कप्प्यांनी विभागला तरी हातात ५० किलोहून अधिक येतात आणि कप्प्यांचं घर्षण वेगळं. बसलेल्या माणसाने एका हाताने खेचायचं असेल तर हे फार झालं. ३० फुटी बोटीवर दोरी कॉकपिटमधल्या विंचपर्यंत नेता येत असेल तर आठपट पुरे, नाही तर सोळापट घ्यावी. दोरीचं टोक सुकाणूच्या आवाक्यात, एका झटक्यात सुटेल अशा क्लीटमध्ये, म्हणजे दोरी अडकवायच्या खाचेत, असावं. हे मी सोय म्हणून सांगत नाही, कारण पुढे आहे.

पाण्यावर व्हँग किती आवळायचा हे शिडाच्या वरच्या पट्टीवरून, म्हणजे शिडात घातलेल्या सर्वात वरच्या चपट्या काठीवरून कळतं. बूमच्या खालून वर बघावं. ही पट्टी बूमला समांतर दिसली की बहुतेक वेळा शीड बरोबर बसलेलं असतं. ती बाहेर फाकलेली दिसली तर व्हँग आवळावा, आत वळलेली दिसली तर सोडावा. शिडाच्या मागच्या कडेला वरच्या पट्टीजवळ लोकरीचा किंवा पातळ कापडाचा धागा लावलेला असतो. तो बहुतांश वेळ मागे सरळ उडत असेल आणि अधूनमधून शिडाआड लपत असेल, तर तो योग्य ताण. पाठीवरच्या वाऱ्यात वरची पट्टी बूमला समांतर राहीपर्यंत आवळावा. वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना मंद वाऱ्यात तो पूर्ण सोडावा. दांड्याच्या व्हँगचा एक गुण इथेच दिसतो, कारण स्प्रिंग बूमचं वजन उचलून धरते. मंद वाऱ्यात बूमच्या वजनानेच शिडाची मागची कड बंद होत असते. ती आता उघडते आणि बोट हळूच पण नक्की वेग घेते. जोरदार वाऱ्यात तोंडाकडे जाताना काहीजण व्हँग इतका आवळतात, की मेनशीट थोडी सोडली तरी शीड सपाटच राहतं. शर्यतीत हे उपयोगी आहे, पण बूम त्यात वाकतो, आणि जुन्या, हलक्या बूमवर मी ते करणार नाही.

वारा आडवा असताना झोत आला, बोट भलतीच कलली आणि सुकाणूला दाद देईना, की पहिली सोडायची ती व्हँगची दोरी. व्हँग सुटताच बूम वर उचलला जातो, शिडाचा वरचा भाग पिळवटतो आणि वारा तिथून निसटतो. ज्या पिळाशी आपण पाठीवरच्या वाऱ्यात भांडत होतो, तोच इथे बोट सरळ करतो. व्हँग आवळलेलाच राहिला आणि कललेल्या बोटीच्या बूमचं टोक लाटेत बुडालं, तर पाणी त्या टोकाला मागे-वर रेटतं आणि तो सगळा धक्का एक मीटरवरच्या कानाड्यावर बसतो. बूम तिथेच मोडतो. सुकाणूपासून हात पुरेल तिथे क्लीट हवं ते यासाठी.

व्हँग आवळलेला असला म्हणून बूम एका जागी बांधला गेला, असं मात्र समजू नये. पाठीवरच्या वाऱ्यात चुकून शीड दुसऱ्या बाजूला फिरलं तर दांडा त्याला मुळीच अडवत नाही. त्यासाठी बूमच्या टोकापासून पुढे नाळेकडे बांधायची प्रिव्हेंटर ही दोरी वेगळीच असते. ती टोकालाच बांधावी. व्हँगच्या कानाड्याला बांधली, तर पुन्हा तोच बूमचा मध्य मोडायची वेळ येते.

टॉपिंग लिफ्ट काढून टाकावी का, यावर गोद्यांमध्ये दुमत असतं. उपसागरात दिवसभर फिरून संध्याकाळी परतणाऱ्याने ती खुशाल काढावी, शिडाची कड वाचेल. दूरच्या सफरीवर जाणाऱ्याने ठेवावी असं मला वाटतं. हॅलयार्ड तुटला तर ती त्याच्या जागी चालते, आणि गॅसची स्प्रिंग किनाऱ्यापासून दूर असताना निकामी झाली तर बूमला आधार उरतो.

गॅस वर्षानुवर्षं हळूहळू निसटत असतो. नव्या व्हँगवर शीड उतरवल्यावर बूम कुठे उभा राहतो याची नोंद पहिल्याच दिवशी, त्याच्या मागच्या टोकाची डेकपासूनची उंची मोजून, करून ठेवावी. पुढच्या मोसमात टोक त्या उंचीखाली उतरलेलं दिसलं तर स्प्रिंग बदलायची वेळ जवळ आली आहे. प्रत्येक फेरीनंतर नळ्यांवर गोडं पाणी सोडावं, सरकणाऱ्या भागांत घट्ट ग्रीस भरू नये, कारण त्यात वाळू आणि मीठ चिकटून राहतं. सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. वर्षातून एकदा दोन्ही पिना काढून, बूम वरून टांगून, कानाड्यांच्या वेल्डिंगवर आणि भोकांच्या कडांवर बोट फिरवून बारीक तडा शोधावा. जिथे रंगाखाली केसाइतकी काळी रेघ दिसेल, तिथे कानाडं बदलूनच पुढच्या वाऱ्यात बोट काढावी.